काकांच्या ट्रंकेतला चपडा, सफेदा आणि रेशमाचं रीळ: इंजिनाचे सांधे पूर्वी कसे बंद करायचे?

रोठेवाला | ४ जानेवारी, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. गंमत म्हणजे विषयातही एक खरा धागा आहे, तो पुढे येईल.

श्रीवर्धनला आमची सुपारी-नारळाची वाडी आहे. विहिरीवर विजेचा पंप आहेच, पण शेजारच्या पत्र्याच्या खोपीत एक जुनं डिझेल इंजिन बसलंय. लिस्टर या जुन्या इंग्लिश कंपनीच्या जातीचं, राजकोटला बनलेलं, सहा घोड्यांचं, दोन्ही बाजूंना मोठी चाकं. निसर्ग वादळात (३ जून २०२०) इथले विजेचे खांब झोपले, तेव्हा अर्ध्या आळीला पाणी या इंजिनाने पाजलं. ते चालवणारे माझे काका. काका गेले त्याला दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून इंजिनाला कोणी हात लावलेला नाही.

यंदा ते चालू करायचं मनावर घेतलंय. परवा काकांची हत्यारांची ट्रंक उघडली. पाने, हातोड्या वगैरे समजल्या. पण खालच्या कप्प्यात हे निघालं:

बिस्किटांच्या डब्यात तपकिरी, काचेसारख्या पातळ पापड्या. 'सफेदा' असं खडूने लिहिलेला, वर साय धरलेला एक डबा. फडक्यात गुंडाळलेला पिवळट गोळा, वास विचारू नका. काळी, चौकोनी विणीची, बोटभर जाड दोरी. तारेत ओवलेली तांब्याची वायसरं, सगळी काळवंडलेली. बेअरिंगच्या सुट्या गोळ्या, लहान ते मोठ्या. पन्नासेक जुन्या लग्नपत्रिका, त्यातल्या काहींना भोकं. जांभळ्या रेशमी दोऱ्याचं रीळ. आणि हळदीची पुडी, ती बहुधा चुकून आली असावी.

आमच्या गावचा मेकॅनिक म्हणतो, फेका सगळं, सिलिकॉनची ट्यूब आणा. फेकण्याआधी विचारावं म्हटलं.

---

पाना_बारातेरा | ४ जानेवारी, रात्री ११.०२

फेकू नका!! अहो, ती ट्रंक म्हणजे अख्खं गॅरेज आहे.

लग्नपत्रिकांपासून सुरू करतो. त्यांचं पॅकिंग (गळती थांबवायला सांध्यात घालायचा थर) व्हायचं. पत्रिकेचा कागद जाड, घट्ट आणि सगळीकडे सारख्या जाडीचा असतो, शिवाय फुकट. पूर्वी तालुक्याच्या गावात प्रत्येक इंजिनाचं पॅकिंग मिळायचं नाही आणि मुंबईहून एस.टी.ने मागवायचं तर चार दिवस जायचे. मग जी झाकणं गरम होत नाहीत आणि ज्यांच्यामागे दाब नसतो (टॅपेट कव्हर, क्रँककेसचं म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचं दार, पाण्याच्या पंपाचं तोंड), त्यांना पत्रिका.

रीत अशी. कागद झाकणावर धरायचा आणि कडेकडेने गोल डोक्याच्या हातोडीने हलके टोले द्यायचे. बिडाची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकांना तुमच्या त्या बेअरिंगच्या गोळ्या: कागदावरून भोकावर गोळी ठेवायची, एक टोला, गोल चकती खाली पडते. पंचने होणार नाही असं स्वच्छ भोक. एक भोक पाडलं की त्यात बोल्ट घालायचा, मगच दुसरं पाडायचं, नाहीतर कागद सरकतो. लावण्याआधी कागद तेलात बुडवून निथळून घ्यायचा.

पण हे बिडावरच करा. ॲल्युमिनियमच्या झाकणावर हातोडी चालवलीत तर धार गोल होते आणि तो सांधा जन्मभर गळतो. तिथे काळं तेल बोटाने फासायचं, कागदावर छाप घ्यायचा आणि कात्रीने कापायचं.

---

माहेर_हर्णै | ५ जानेवारी, सकाळी ७.४०

माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका बाबांनी कुठे नेल्या ते आज कळलं. त्यांचा बोटीच्या इंजिनांचा धंदा होता.

---

दर्यावर्दी | ५ जानेवारी, सकाळी ९.२०

काळी दोरी आणि वासाचा गोळा ही आमची खाती. तुमचे काका जीवना बंदरावरच्या बोटींची कामं करायचे का? कारण वाडीच्या इंजिनाला ही दोरी इतकी लागत नाही.

ही ग्लँडची दोरी. बोटीचं इंजिन आत, पंखा बाहेर पाण्यात, मधे शाफ्ट. शाफ्ट फिरायला हवा आणि समुद्र आत यायला नको, या भांडणाची तोड म्हणजे ग्लँड. पूर्वी तागाची किंवा अंबाडीची वेणी चरबीत मुरवायचे, वरून ग्रॅफाइट चोळायचे. तुमचा गोळा म्हणजे ती चरबी.

नवीन पोरं दोरी शाफ्टभोवती मळसूत्रासारखी गुंडाळून कोंबतात. ते चूक. एकेक सुटं कडं कापायचं, टोकं तिरपी कापायची म्हणजे एकावर एक नीट बसतात, आणि प्रत्येक कड्याचा जोड आधीच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही. अशी तीन-चार कडी. मग नट हातानेच आवळायचा, पान्याने अगदी किंचित.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्लँड गळायलाच हवी. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडले पाहिजेत. तेच पाणी तिला थंड ठेवतं. थेंब दिसला की घाबरून पाना घेणारे खलाशी मी पाहिलेत. आवळून आवळून ग्लँड कोरडी करतात, मग दोरी जळते, शाफ्टला चर पडतो आणि पुढे काहीही केलं तरी बादलीने पाणी येतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दर पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात बोटी वर ओढल्या की असे चर पडलेले शाफ्ट लेथवर रांगेत असतात.

---

टॉर्क_टॉर्क | ५ जानेवारी, दुपारी १.१५

सर्वांचा आदर ठेवून. हा सगळा नॉस्टॅल्जिया आहे. आज चांगलं आरटीव्ही सिलिकॉन (हवेत सुकून रबरासारखं होणारी पेस्ट) सहज २०० डिग्री सोसतं, ट्यूब दीड-दोनशेला मिळते. पत्रिका कापत बसायला वेळ कुणाला आहे?

---

दर्यावर्दी | ५ जानेवारी, दुपारी २.३०

वेळ कुणाला आहे ते सांगतो. माझ्या मामेभावाच्या ट्रॉलरचं चेंबर (ऑइलचं हो, खालचं) एका गॅरेजवाल्याने उघडून पुन्हा बसवलं. कागदाचं पॅकिंग काढलं आणि लाल सिलिकॉन बोटभर जाड फासलं. बाहेरून एकदम झकास, एक थेंब नाही. अकराव्या दिवशी जयगडच्या बाहेर ऑइलचा काटा पडला. नशीब तांडेल (बोटीचा प्रमुख) शहाणा, त्याने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. दुसऱ्या बोटीने ओढत आणलं. चेंबर उघडलं तर ऑइल पंपाच्या जाळीवर लाल शेवया. बाहेर जेवढं सिलिकॉन दिसतं तेवढंच आतही पिळून आलेलं असतं, ते तुटतं आणि जाळीत जाऊन बसतं. दोन बेअरिंगं गेली.

---

टॉर्क_टॉर्क | ५ जानेवारी, दुपारी २.५५

ही लावणाऱ्याची चूक, सिलिकॉनची नाही. दोन मिलिमीटरची सलग रेघ मारायची, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, आणि सुकायला वेळ द्यायचा.

---

पाना_बारातेरा | ५ जानेवारी, दुपारी ४.१०

बरोबर, आणि हे आमच्यापैकी शंभरातले दहा करतात. ट्यूब हातात आली की सगळ्यांना वाढदिवसाचा केक सजवायचा असतो.

मी सिलिकॉनच्या विरोधात नाही. पत्र्याच्या वाकड्या झाकणाला, जिथे कागद बसूच शकत नाही, तिथे मीही तेच लावतो. पण पेट्रोल जिथे लागतं तिथे नको, ते फुगून सुटतं. आणि जिथे कागदाची जाडी मोजून ठरलेली असते तिथे तर अजिबात नको. रोठेवालांच्याच इंजिनात क्रँकच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगचं हाउसिंग बसतं, त्याच्या खाली पातळ चकत्या असतात. त्या गळती थांबवायला नसतात, क्रँकला किती सैल सोडायचं ते त्या ठरवतात. तिथे एखादी चकती काढून सिलिकॉन भरलं तर बेअरिंग आवळलं जाईल आणि भाजेल. सिलिंडरच्या खाली असतात त्यांचंही तसंच: पिस्टन वर गेल्यावर हेडपासून (सिलिंडरच्या वरच्या झाकणापासून) किती अंतर राहावं ते त्यांच्यावर. माझे उस्ताद ते अंतर शिशाच्या तारेने मोजायचे. पिस्टनवर तार ठेवायची, हेड आवळायचं, चाक हाताने एकदा फिरवायचं, हेड खोलून चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची.

---

खलबत्ता_चिपळूण | ५ जानेवारी, रात्री ९.५०

मी मेकॅनिक नाही, रसायनशास्त्र शिकवत होतो. तपकिरी पापड्या म्हणजे चपडा लाख. पॉलिशवाले वापरतात तीच. लाखेचा किडा कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवर जो राळेसारखा थर करतो, तो वितळवून, गाळून, ताणून या पापड्या होतात.

इंजिनात तिचा उपयोग का, तर ती स्पिरिटमध्ये विरघळते, पण डिझेल, पेट्रोल आणि इंजिन ऑइल यांत नाही. पापड्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवल्या की मधासारखा पाक होतो. तो कागदाच्या दोन्ही बाजूंना लावला की कागदाचे तंतू बंद होतात आणि बिडावरचे बारीक ओरखडे भरतात. तोटा: सुकली की कडक आणि ठिसूळ, त्यामुळे थरथरणाऱ्या पत्र्याच्या झाकणाला तडकते. आणि पुढच्या वेळी झाकण उघडायला छिन्नी घेऊन बसावं लागतं. पाण्याच्या सांध्यांनाही मी ती लावणार नाही, पाण्याने ती पांढरी पडते.

सफेदा म्हणजे शिशाचा क्षार. अळशीच्या उकळलेल्या तेलात कालवलेला. अळशीचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि शिसं त्याला घाई करतं. म्हणून तो लगदा आठवडाभर मऊ राहून मग दगड होतो. पाइपाच्या आट्यांवर ताग गुंडाळून वरून सफेदा, ही आपल्याकडच्या जुन्या प्लंबरांची पद्धत तीच. लाल भाऊही असतो, शेंदूर. मारुतीला तेलात खलून लावतात तो. देवळातल्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच किती घट्ट असतं ते आठवा म्हणजे जुन्या वाफेच्या सांध्यांत तो का भरायचे ते कळेल.

आता इशारा. दोन्ही शिसं आहेत. बोटाने लावू नका, तो डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नका, वाळलेला थर घासून धूळ करू नका. हौस म्हणून डबा ठेवायचा तर बंद करून ठेवा. वापरायचं कारण आज उरलेलं नाही, आट्यांना टेफ्लॉनची टेप पुरते.

आणि दुसरा इशारा यापेक्षा मोठा. तुमच्या हेडचं जुनं गॅस्केट (म्हणजे पॅकिंगच) तांब्याच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असं असणार. ते कोरडं खरवडू नका, वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका, हवेने फुंकू नका. साबणाच्या पाण्याने चिंब करून ओलंच काढा आणि पिशवीत बांधा. त्या तंतूंचे फुप्फुसाचे रोग वीस ते चाळीस वर्षांनी उगवतात, म्हणून आज खरवडणाऱ्याला काहीच होत नाही असं वाटतं. युरोपीय संघात २००५ पासून त्याच्यावर पूर्ण बंदी आहे. या बाबतीत जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन.

---

बाणकोटकर | ६ जानेवारी, सकाळी ६.२५

आमचे आजोबा आगबोटीवर तेलवाला होते. सफेद्याला ते 'गोरासाहेब' म्हणत, कारण लागला की निघत नाही.

त्यांच्याकडून ऐकलेलं: वाफेच्या पिस्टनच्या दांड्याला आधी चरबीतल्या तागाचीच ग्लँड असायची. मंद वाफेला ती चालायची. पुढे वाफ जास्त तापवायला लागले तसा ताग जळून काळा व्हायचा, मग ॲस्बेस्टॉसची दोरी आली, धातूची कडी आली. आजोबांना त्या दोरीचं भारी कौतुक. "आगीत टाकली तरी जळत नाही." खलबत्ता सरांचं वाचून आज जरा कसंसंच झालं. ते शेवटची कित्येक वर्षं खोकत होते. कशाने ते कुणी शोधलं नाही.

---

खलबत्ता_चिपळूण | ६ जानेवारी, सकाळी ८.००

बाणकोटकर, काही लिहायला सुचत नाही. एवढंच की त्या काळी बोटीच्या इंजिनरूममध्ये कोळसा, धूर, सगळंच होतं.

---

बाबलो_देवगड | ६ जानेवारी, सकाळी १०.४५

माका इंजिनातला कळना नाय. पण व्हडयेची फट आमी कशी बंद करतंव ता सांगतंय. कापसाची वात राळेत आनि तेलात भिजवन फळयांच्या फटीत ठोसतत, वरसून चुनो आनि तेल मळान लावतत. भायरसून काजीच्या सालीचा तेल, त्येका कीड लागना नाय. ह्या तेल हाताक लागला तर चामडी सोलान जाता, सांबाळून. आनि सुकी व्हडी पाण्यात घातली काय पयलो दीस पाणी घेताच. भियाचा नाय. फळयो फुगतत आनि फट आपसूक बंद जाता.

---

पाना_बारातेरा | ६ जानेवारी, सकाळी ११.३०

बाबलोदादा, इंजिनातलं कळत नाही म्हणता आणि बुचाच्या पॅकिंगचं मर्म सांगून गेलात. बुचाचं (कॉर्कचं) पॅकिंग दुकानात पडून आक्रसतं, भोकं जुळत नाहीत. लोक ताणून बसवतात आणि ते फाटतं. कोमट पाण्यात थोडा वेळ टाका, फुगून मापात येतं. बुचाची आणखी एक खुबी: दाबलं तरी बाजूला पसरत नाही, जागच्या जागी चेपतं. रबर दाबलं की बाजूने बाहेर पळतं, म्हणून नुसत्या रबराचं पॅकिंग जास्त आवळलं की जिभेसारखं बाहेर येतं.

---

रोठेवाला | ६ जानेवारी, रात्री ९.०५

मंडळी, भरून पावलो. काकू म्हणाली, काका जीवनाला बोटींची कामं करायचे, बरोबर. चरबीच्या गोळ्याबद्दल तिला त्यांनी 'मेण आहे' असं सांगितलं होतं. आमचं घर शाकाहारी. आज तो गोळा माडाखाली पुरला गेला आणि ट्रंक गोमूत्र शिंपडून परत आत आली. चरबीऐवजी काही चालतं का? काकू विचारतेय, कोकमाचं मुठेल?

हळद आणि रेशमाचं कुणीच बोललं नाही.

---

दर्यावर्दी | ६ जानेवारी, रात्री ९.४०

मुठेल मी लावून पाहिलेलं नाही, थंडीत भेगांना लावतो तेवढंच. ते साधारण ४० डिग्रीच्या आसपास वितळतं, ग्लँड जरा तापली की वाहून जाईल. काकूंना सांगा, हल्ली टेफ्लॉनची दोरी मिळते, तिला चरबी लागत नाही. सोवळ्यात चालेल.

---

घाटरस्ता | ६ जानेवारी, रात्री १०.१०

हळद चुकून नाही आलेली. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद. पंचवीस वर्षं ट्रक चालवला, कशेडी घाटात दोनदा हळदीने घरी आणलंय. पूड पाण्याबरोबर बारीक भोकाशी जाते, फुगते, तिथेच अडकते. अंड्याचा पांढरा बलकही टाकतात, गरम पाण्यात तो शिजतो आणि भोक बुजवतो. पण हे घरी पोचण्यापुरतं. नंतर रेडिएटर साफ केला नाही तर हळद सगळ्याच नळ्या बुजवते, मग गाडी कायमची तापते. तसंच डिझेलच्या टाकीला बारीक चीर गेली तर अंगाच्या साबणाची वडी दाबून घासायची. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही.

---

दीपकवाला | ७ जानेवारी, दुपारी १२.२०

रेशमासाठीच आलोय. रोठेवाला, तुमचे काका हवाई दलात होते का?

विचारायचं कारण, रेशमाचा दोरा विमानाच्या पिस्टन इंजिनात असतो. मी हैदराबादजवळ डुंडीगलच्या हवाई दल अकादमीत एचपीटी-३२ दीपक या शिकाऊ वैमानिकांच्या विमानांवर इंजिन फिटर होतो. त्याला लायकमिंग या अमेरिकन कंपनीचं इंजिन. त्याचा क्रँककेस उभा दोन फाकांत असतो आणि क्रँकची बेअरिंगं बरोबर त्या जोडावर बसतात. आता मधे कागद घाला: बेअरिंगचं गोल भोक लंबगोल होईल. म्हणून दोन्ही फाका धातूला धातू भिडल्या पाहिजेत आणि तरी तेल बाहेर यायला नको. तोड अशी की जोडावर न वाळणारा लेप अगदी पातळ लावायचा आणि त्यावर बारीक रेशमी दोरा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या अंगाने, कुठेही न तोडता. आवळलं की दोरा चेपून जवळजवळ नाहीसा होतो, पण तेलाची वाट अडवतो. सुती दोऱ्याला लव असते. रेशमाचा तंतू लांब आणि मजबूत, कुसही पडत नाही.

एक फिटर दोरा ठेवायचा, दुसरा त्याने ठेवलेला तपासायचा. पंख्याचा वारासुद्धा बंद करायचो.

---

रोठेवाला | ७ जानेवारी, रात्री ८.५०

अंगावर काटा आला. हो! काका नऊ वर्षं हवाई दलात होते, मग नोकरी सोडून वाडीत आले. आम्हाला वाटायचं, तिथे ते स्टोअरमध्ये होते.

---

रोठेवाला | १८ जानेवारी, रात्री १०.३०

प्रगती कळवतो.

हेड उतरवलं. जुनं गॅस्केट सरांनी सांगितलं तसं ओलं करून काढलं, पिशवीत बांधलं. नवीन, बिगर-ॲस्बेस्टॉसचं, राजकोटहून मागवलं, पाच दिवसांत आलं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहिला, कुठे जाईना, म्हणजे हेड सपाट आहे. चार नट आमनेसामने, तीन फेऱ्यांत आवळले. पाना_बारातेरा यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सांगितल्याप्रमाणे गॅस्केटवर चंदेरी रंगाचा पातळ हात दिला.

तांब्याची वायसरं: गॅसवर लालबुंद केली आणि पाण्यात टाकली. माझा मेकॅनिक ओरडला, "पाण्यात टाकून कडक होतील!" तर उलट, बोटाने वाकतील इतकी मऊ झाली. लोखंडाची रीत तांब्याला लागू नाही. दाबून दाबून तांबं कडक होतं आणि तापवलं की पुन्हा मऊ, म्हणजे काकांनी तीच वायसरं वर्षानुवर्षं वापरली असणार. नोझलखाली एक बसवलं.

आणि आता मुख्य. क्रँककेसचं दार उघडलं, तर कागदाच्या पॅकिंगवर, बोल्टच्या भोकांच्या आतून, चेपलेला जांभळा दोरा! कागद असताना दोऱ्याची गरज नव्हती, एवढं मलाही आता कळतं. हाताला लागलेली सवय असणार.

काकूला दाखवला. ती म्हणाली, "हे माझं भरतकामाचं रीळ. मी मोलकरणीवर आळ घेतला होता."

---

माहेर_हर्णै | १८ जानेवारी, रात्री १०.४४

आईगं.

---

रोठेवाला | २५ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

इंजिन चालू झालं! तिसऱ्या हँडलला. आवाज ऐकून शेजारची दोन म्हातारी माणसं गडग्यापाशी येऊन उभी राहिली.

पण आनंद अर्धा तास टिकला. क्रँकच्या दोन्ही टोकांकडून तेल येतंय, चाकावर चढतंय आणि चाक ते भिंतीवर उडवतंय. माझ्या पॅकिंगमधून नाही, ती कोरडी आहेत. मेकॅनिक म्हणतोय बेअरिंगच्या हाउसिंगभोवती सिलिकॉन भरूया. थांबवून ठेवलाय.

---

टॉर्क_टॉर्क | २५ जानेवारी, संध्याकाळी ७.५०

सिलिकॉनवाला मी असूनही सांगतो, भरू नका. दोन्ही टोकांकडून एकाच वेळी तेल म्हणजे सांधा गेलेला नाही, आत दाब तयार होतोय. ब्रीदर बघा. या इंजिनाच्या क्रँककेसला एक छोटी झडप असते. पिस्टन खाली येताना ती हवा बाहेर सोडते आणि वर जाताना आत घेत नाही, त्यामुळे आत किंचित पोकळी राहते आणि तेल बाहेर यायच्या ऐवजी आत ओढलं जातं. झडप बुजली की तेल मिळेल तिथून निघणार. या इंजिनाला क्रँकच्या टोकाला रबरी ऑइल सील नसतंच, सगळी मदार त्या झडपेवर.

---

पाना_बारातेरा | २५ जानेवारी, रात्री ८.०५

टॉर्कराव, शाबास. हे मला आधी सुचायला हवं होतं.

---

रोठेवाला | २६ जानेवारी, दुपारी १२.४०

ब्रीदर खोलला. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, टणक, त्यात सुकलेल्या अळ्या. खिळ्याने कोरून काढलं, रॉकेलने धुतलं, झडपेची चकती हलायला लागली. बसवून इंजिन चालू केलं. ब्रीदरच्या तोंडावर बोट धरलं तर बाहेर फुंकर येते, आत ओढ नाही.

सकाळपासून तीन तास पाणी चाललंय. चाकं कोरडी. भिंतीवर कालच्या तेलाची रेघ तेवढी आहे, काकू म्हणते पुसू नको.

सफेद्याचा डबा मी सील करून माळ्यावर ठेवला. चपडा पाना_बारातेरा यांना कुरियर करतोय, पत्ता व्यनि करा. रीळ काकूने काढून घेतलं. हातभर दोरा मागितला तर म्हणाली, आधी कशाला लागतोय ते सांग.

---

दर्यावर्दी | २६ जानेवारी, दुपारी १.१०

काळी दोरी विकायची असेल तर मला सांगा. बोटभर जाड म्हणालात ना? नक्की माप किती?